‘शाळेत किती जणांना प्रभू सांगितला?’ असं विचारणाऱ्या माझ्या मंडळीला

कोल्हापुरातल्या सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे आदरणीय पाळकसाहेब, पंचमंडळी, महिला मंडळाच्या भगिनी आणि तरुण संघातले भाऊ-बहिणी यांना,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. शाळा ख्रिस्ती संस्थेची नाही. वर्गात ख्रिस्ती मूल एखादंच असतं, बहुतेक वर्षी तेही नसतं. आपल्या मंडळ्यांत माझ्यासारखे शिक्षक पुष्कळ आहेत. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कुणी महापालिकेच्या, कुणी विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर. त्या सगळ्यांच्या वतीने बोलायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पण उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात आम्ही आपसात जे बोलतो, ते आज मी उघडपणे लिहिते आहे.

विश्वासाचे अनुभव सांगायच्या साक्षीच्या सभेत, घरच्या प्रार्थनेत, कधी चहा घेता घेता आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: “बाई, शाळेत किती जणांना प्रभू सांगितला?” विचारणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, याबद्दल मला शंका नाही. तरीही हा प्रश्न आता बंद व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याचं उत्तर द्यायला आम्ही घाबरतो असं नाही. प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो आहे.

आधी कायद्याचं सांगते, ते लवकर संपेल. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतही कुणाला संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती संमती पालकांची लागते. हेच कलम आपल्या लेकरांनाही सांभाळतं. आपलं मूल दुसऱ्या धर्माच्या संस्थेत शिकत असेल, तर तिथे त्याच्यावर कुणी धर्म लादू नये असं आपल्याला वाटतंच ना?

पण समजा, हे कलम नसतं. तरी मी वर्गात उपदेश केला नसता. नववीतलं पोर माझ्यापुढे बसतं ते त्याच्या मर्जीने बसत नाही. घंटा होते म्हणून बसतं. त्याचे अंतर्गत गुण माझ्या हातात, त्याची वर्तणुकीची नोंद माझ्या हातात, त्याच्या बापाला शाळेत बोलवायचं की नाही हेही माझ्याच हातात. अशा मुलाला मी काही सांगितलं आणि ते ‘हो मॅडम’ म्हणालं, तर त्या ‘हो’ ला काय अर्थ? आपल्या प्रभूकडे एक श्रीमंत तरुण आला, ‘सगळं विकून गरिबांना दे’ हे ऐकून खिन्न झाला आणि निघून गेला. प्रभूने त्याच्यावर प्रीती केली आणि त्याला जाऊ दिलं, मागे धावून हात धरला नाही. माझ्या वर्गातल्या पोराला तर उठून जायची मुभाच नाही. मग प्रभूने जे मोकळेपण दिलं, ते त्याच्या नावाने मी हिरावून घेऊ का?

आपल्याला आपल्या इतिहासाचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. १८५२ साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि इथे मिशनचं काम सुरू झालं. त्या कामात शाळा पहिल्यापासून होत्या, मुलींच्या शाळाही होत्या. वाइल्डर मेमोरियल चर्चपुढून जाताना आजही ती आठवण होते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आली की आपण आवर्जून सांगतो, की अहमदनगरला मिस सिंथिया फॅरार यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं आणि जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. खरं आहे. पण त्यापुढचंही आपण बोलायला हवं. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, जोतीरावही झाले नाहीत. म्हणून मिस फॅरारबाईंचं काम वाया गेलं का? आपल्या साक्षीच्या सभेत त्या बाईंना उभं करून ‘किती जणांना प्रभू सांगितला’ असं विचारलं असतं, तर आपण त्यांच्या नावापुढे काय लिहिलं असतं? ज्या मुलींना कुणी अक्षर देत नव्हतं त्यांच्या हातात त्यांनी अक्षर दिलं. त्यातून महाराष्ट्रात काय काय उगवलं ते आपण सगळे जाणतो. मी ती साक्ष मानते, पूर्ण साक्ष मानते.

डॉक्टर-नर्सच्या बाबतीत मात्र आपल्याला हे बरोबर कळतं. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी दवाखाना उभा केला, त्याची गोष्ट ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. नर्सने ताप बघितला, जखम धुतली, रात्रभर जागली, तर तिला आपण ‘प्रभूची सेवा’ म्हणतो. तिने किती रोग्यांना सुवार्ता सांगितली, हे आधी कुणी विचारत नाही. शिक्षकाच्या वाट्याला हा समज का येत नाही? आमची सेवा रविवारच्या शाळेत आणि गायकवर्गात मोजली जाते. सोमवार ते शनिवार आम्ही जे करतो ती नोकरी. हा भेद देवाच्या वचनात मला कुठे सापडत नाही.

मग शाळेत विश्वास जगायचा म्हणजे काय? मी ज्या जागी रोज अडते त्या सांगते.

पहिली जागा हजेरीपटाची. आपल्यातल्या बहुतेकांना ती कंटाळवाणी वाटेल, पण खरी लढाई तिथे आहे. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे सरकार पटावरून शिक्षकांची पदं ठरवतं त्यात, तुकडी जाते, तुकडी गेली की कुणीतरी शिक्षक अतिरिक्त ठरतो. तो शिक्षक शेजारच्या टेबलावर बसणारा, दोन लेकरांचा बाप असतो. अशा वेळी जे मूल कधीच गाव सोडून गेलं, त्याच्यापुढे हजर मांडायचा मोह साध्या माणसालाही होतो. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, त्यात हे सगळं चव्हाट्यावर आलं. तेव्हापासून कागद बदलले, आधार आलं, ऑनलाइन नोंदी आल्या. तो दबाव मात्र गेलेला नाही. त्या क्षणी ‘तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असावं’ हे प्रभूचं म्हणणं निळ्या शाईच्या एका छोट्या खुणेवर येऊन उभं राहतं. ती खूण खरी लिहिणाऱ्या शिक्षकाला स्टाफरूममध्ये किती एकटं पडावं लागतं, हे मंडळीला ठाऊक आहे का? त्याच्यासाठी कधी आपण उभं राहून प्रार्थना केली आहे का?

तसंच गुणांचं. दहावीच्या गणितात बीजगणित ४०, भूमिती ४० आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातातले. ती फाइल पुरी करायची वेळ आली की ठरलेला सल्ला मिळतो: “द्या की सगळ्यांना वीस, तुमच्या घरचं जातंय काय?” सल्ला देणारे वाईट नाहीत. त्यांनाही पोरांचं भलंच हवं असतं. पण ज्याने वर्षभर वही उघडली नाही आणि जिने घरकाम करून, धाकट्याला सांभाळून रोजचा गृहपाठ आणला, त्या दोघांना एकच आकडा दिला तर मी त्या पोरीला काय शिकवलं? आणि दुसऱ्या बाजूने, नियमावर बोट ठेवून त्या पोराला नुसतं नापास करायला मला देवाची काय गरज? म्हणून जानेवारीत, गुण भरायच्या आधी, शाळा सुटल्यावर अशा पोरांना मी थांबवून घेते. राहिलेलं काम माझ्यासमोर करून घेते. कुणाचे अकराचे पंधरा होतात, कुणाचे अकराच राहतात. जे होतात ते त्यांचे असतात. सत्य आणि दया या दोन्ही गोष्टी एका फाइलीत बसवायला मला माझ्या विश्वासाने शिकवलं. हे काम करताना मी येशूचं नाव घेत नाही. पण त्याच्याशिवाय ते माझ्याकडून झालं नसतं.

छडीचं बोलायलाच हवं, कारण इथे मतभेद आपल्याच घरात आहे. ‘मॅडम, झोडपा खुशाल, आम्ही काय विचारणार न्हाई’ असं सांगणारे पालक इकडे भरपूर. त्यांना मी समजावू शकते. पण आपलेच वडीलजन बायबलच्या नीतिसूत्रांतली छडी दाखवतात तेव्हा फार वाईट वाटतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. सरकारला जे कळलं ते सांगायची वेळ आधी आपल्यावर होती. शिष्यांनी लेकरांना अडवलं तेव्हा प्रभू रागावला तो शिष्यांवर, लेकरांवर नाही. त्याने त्यांना कवेत घेतलं. लहानातल्या एकाला अडखळण होणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायची भाषा त्याने केली, एवढं कडक तो फार कमी ठिकाणी बोलला आहे. ते वाचून वर्गात जाणारा माणूस हात उगारेल कसा?

आता एक पोरगं डोळ्यांपुढे आहे त्याचं सांगते, नाव-गाव न घेता. कोल्हापूरकरांना दूध कट्टा सांगायला नको. गंगावेशीत म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून मिळते. असल्याच धंद्यातल्या घरातला हा पोरगा. पहाटे उठून म्हशी धुवायच्या, शेण काढायचं, धारेला बापाबरोबर जायचं आणि तसंच शाळेत यायचं. पहिल्या तासाला त्याचा डोळा लागायचा. शेजारचं पोर हळूच सरकून बसायचं, मग पुढचंही, असं करत करत त्याचा बाक रिकामा झाला. वर्गात कुणी त्याला वाईट बोललं नाही. नुसतं सरकलं. आलेख काढायचा तास होता. मी खडू खाली ठेवला आणि त्याच्या बाकावर, त्याच्या शेजारी जाऊन बसले. आलेखाच्या कागदावर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता आणि तो हाताने झाकायची त्याची धडपड चालली होती. मी म्हटलं, राहू दे, बिंदू कुठे येतो सांग. त्याने बरोबर सांगितला. मग दुसरा, मग तिसरा. रेघ मारली तेव्हा ती तिन्ही बिंदूंतून गेली. त्या वर्षी गणिताच्या तासाला मी फळ्यापाशी कमी आणि त्याच्या बाकावर जास्त बसले. पुढच्या बाकावरची पोरं एकेक करून माघारी आली, मला काही सांगावं लागलं नाही. कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारा प्रभू मला माहीत होता म्हणून मला त्या बाकावर बसायचं सुचलं. त्या पोराला हे कारण कधी कळलं नाही, आणि ते कळावं अशी माझी अटही नव्हती.

ज्या शहरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सगळ्या पोरांना एका शाळेत बसवलं, तिथल्या शिक्षकाला बाकावर कोण कुणाशेजारी बसतं हे बघणं चुकवता येणार नाही. ख्रिस्ती शिक्षकाला तर मुळीच नाही. २६ जूनला, शाहू जयंतीच्या फेरीत आम्ही पोरांबरोबर घोषणा देत चालतो, तेव्हा त्या घोषणा मी मनापासून देते.

सणांवरूनही आमच्याविषयी कुजबुज होते, तिचाही निकाल लावू. होय, आषाढीला शाळेची दिंडी निघते तेव्हा मी बरोबर असते. ओळ सांभाळते, पाणी देते, ज्याची चप्पल तुटली त्याला बाजूला घेते. सरस्वतीपूजनाला मी आदराने उभी राहते, आरतीचं ताट हातात घेत नाही, आणि माझ्या सहकाऱ्यांना ते पहिल्यापासून माहीत आहे. त्यांनी कधी आग्रह केला नाही, उलट ताट माझ्यापर्यंत येण्याआधीच कुणीतरी अलगद पुढे नेतं. हा त्यांचा मोठेपणा आहे, तो मी जाहीरपणे सांगते. चैत्रात जोतिबाची यात्रा करून आलेलं पोर डब्यातून गुलाल लागलेलं खोबरं आणतं आणि पहिला तुकडा मॅडमना देतं. तो घ्यावा की न घ्यावा, यावर आपल्यात दोन मतं आहेत. प्रेषित पौलाच्या काळात मूर्तींना वाहिलेल्या अन्नावरून करिंथच्या मंडळीतही होती. त्याने विवेकाचा मान राखायला सांगितलं आणि ज्ञानापेक्षा प्रीतीला वर धरलं. मी तो हातात घेते, पोराला ‘दमलास का, किती चाललास’ विचारते. माझी एक मैत्रीण नम्रपणे नको म्हणते आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवते. आम्ही दोघीही प्रभूच्याच आहोत. यावरून आमचा न्याय करू नका.

आणि कुणी विचारलंच तर? विचारतात. नाताळच्या आधी पोरं विचारतात, सहकारी विचारतात, कधी एखादी आई शाळेच्या फाटकापाशी विचारते. तेव्हा मी लपवत नाही. आमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला पेत्राने सांगितलं आहे, तसं थोडक्यात आणि खरं उत्तर देते. मोठ्या माणसाला आणखी जाणून घ्यायचं असेल तर तो शाळेबाहेर, त्याच्या सवडीने येतो. त्या वाटेवर माझी कधीच ना नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपण सगळ्यांनी पाहिला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पूरग्रस्तांसाठी शाळा उघडल्या. बाकं भिंतीला लावून वर्गावर्गात कुटुंबं राहिली. मंडळ्यांमधून जेवण आलं, अंथरूण-पांघरूण आलं, आणि ते वाटताना कुणाला धर्म विचारला गेला नाही, कुणाच्या हातात पत्रक ठेवलं गेलं नाही. त्या दिवसांत माझी मंडळी मला फार जवळची वाटली. पूर नसतानाही तिने तशीच वागावी, एवढंच मागणं आहे.

ते मागणं नेमकं सांगते. जूनमध्ये शाळा उघडतात, त्या आठवड्यातल्या रविवारी मंडळीतल्या प्रत्येक शिक्षकाला पुढे बोलवा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. बालवाडीच्या ताईपासून प्राचार्यांपर्यंत, आणि विनाअनुदानितवाल्यांना आधी. शिष्यवृत्तीची परीक्षा, मतदारयादीचं काम, निवडणुकीचं प्रशिक्षण अशा गोष्टी रविवारीच येतात. त्यामुळे आम्ही उपासनेला नसलो तर ‘थंड पडल्या’ म्हणू नका, एखादा फोन करा.

जानेवारी ते मार्च या काळात चर्चचा हॉल संध्याकाळी दहावीच्या पोरांना अभ्यासाला उघडा ठेवा. एका खोलीत पाच माणसं आणि टीव्ही असलेल्या घरांतली पोरं शांत जागा शोधत फिरतात. हॉल, पंखा, दिवे, प्यायचं पाणी, एवढं आपल्याकडे आहे. पोर कुठल्याही जातीधर्माचं असो, यावं आणि अभ्यास करून जावं. गणित शिकवायला मी येईन, पैसे घेणार नाही. भाषेला, विज्ञानाला येणारे शिक्षक आपल्यातच आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे. तिथेही प्रवचन नको, ही माझी अट आहे.

ज्यांच्या हातात ख्रिस्ती शिक्षणसंस्था आहेत त्यांना वेगळं सांगते, आणि हे सांगताना हात कापतो आहे. नेमणुकीसाठी पैसे मागायची रीत आपल्या आवारात कुठेही असेल, तर ती आजच बंद करा. कर्ज काढून नोकरी घेतलेला शिक्षक पहिल्या दिवसापासून वाकलेला असतो. त्याच्याकडून पोरांपुढे ताठ उभं राहण्याची अपेक्षा कशी करायची? महिन्याचा पगार वेळेवर द्या, ज्या रकमेवर सही घेता तिच्यापेक्षा कमी पैसे हातात ठेवू नका. भिंतीवर क्रूस आहे, शाळेची प्रार्थना आहे, नाताळचा कार्यक्रम छान होतो, पण पगारपत्रक खोटं असेल तर त्या शाळेतलं प्रत्येक लेकरू ते आज ना उद्या ओळखतं.

आणि तो प्रश्न. ‘किती जणांना प्रभू सांगितला’ याऐवजी आम्हाला विचारा, ‘या आठवड्यात कुठल्या पोरासाठी प्रार्थना करायची?’ नाव सांगणार नाही, पण पोर सांगेन. शाळा सोडायच्या बेतात असलेली एक आहे, तिचं लग्न ठरवायचं घरात चाललं आहे आणि तिचं वय अठरा नाही. तिच्या आईशी मी बोलले आहे, पुन्हा बोलणार आहे, आणि गरज पडली तर जिथे कळवायला हवं तिथे कळवणार आहे. तिच्यासाठी येत्या बुधवारच्या प्रार्थनासभेत वेळ द्या. हॉलच्या विषयावर पंचांची सभा जेव्हा ठेवाल तेव्हा मला निरोप द्या. शाळा साडेपाचला सुटते, सहापर्यंत मी पोहोचेन.

ख्रिस्तात आपली बहीण,
एक शिक्षिका, कोल्हापूर